निळे डाग आणि गुलाबी पाणी

एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. नाशिकच्या द्राक्षबागेत आजही बोर्डो मिश्रण याच हिशेबानं कालवलं जातं. मिश्रण जमलं की नाही हे बघायला जुना बागायतदार त्यात लोखंडी विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मग आणखी निवळी ओतायची. बोर्डोचा जन्म फ्रान्समधला. मेडोक भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली डावणी या बुरशीरोगातून वाचल्याचं १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगासमोर मांडलं.

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष रुजवण्याचं श्रेय ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांना दिलं जातं. काळ १९२५ च्या सुमाराचा. पुढे पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी असा मांडव पसरत गेला. बोर्डोचा एक गुण मात्र आज आठवण्यासारखा आहे. त्याचे निळसर डाग पानावर आणि मण्यावर उघड दिसतात. औषध कुठे बसलंय ते शेतकऱ्यालाही कळतं, खाणाऱ्यालाही.

शहरातल्या घरांत फळं-भाज्या निगुतीनं धुण्याची सवय फवाऱ्यामुळे लागलेली नव्हती. धास्ती होती पटकीची. १८९० च्या दशकात आग्र्याचे अर्नेस्ट हँकिन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून पटकी रोखण्याचा उपाय रूढ केला. कोथिंबीर, काकडी, द्राक्षं परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही त्याच जंतूंच्या भीतीतली. कीटकनाशकं आली तेव्हा घरांनी ही सवय नव्या शत्रूवर वापरायला घेतली, पण हा शत्रू वेगळा होता.

थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका या जातींनी बागेचं अर्थकारण बदललं. त्यांच्याबरोबर मणी फुगवण्यासाठी जीएच्या (जिबरेलिक आम्ल) पाण्यात घड बुडवणं आलं, भुरी-डावणीसाठी आंतरप्रवाही औषधं आली. स्पर्शजन्य औषध पृष्ठभागावर राहतं. आंतरप्रवाही औषध रसाबरोबर वेलीत फिरतं. त्याचा डाग कुठेच दिसत नाही.

२००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अॅसिफेट ही कीटकनाशकं मर्यादेपेक्षा जास्त सापडली आणि धोक्याची सूचना निघाली. पुढच्याच हंगामापासून केंद्राच्या अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणानं निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश-तपासणीचा आराखडा लागू केला. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहू लागलं. २००६ मध्ये ग्रेपनेट ही नोंदप्रणाली आली. पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला.

एवढं करूनही २०१० चा हंगाम नाशिकला फार महाग पडला. या वेळी सापडलं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलण्यातलं सीसीसी. हे कीटकनाशक नव्हेच, शेंड्याची वाढ रोखणारं संजीवक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे घड दिसण्याच्या कितीतरी आधी, ते मारलं जाई. वेलीत मुरलेला अंश गोडी छाटणीनंतरच्या मण्यांत उतरला. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि निर्यातीपूर्वी तपासायच्या यादीत सीसीसीचं नावच नव्हतं. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, आणि ज्यांनी नियम पाळून बाग नोंदवली होती त्यांचेही पैसे बुडाले. असा अंश कोणत्याही पाण्यानं जाणारा नव्हता.

पण म्हणून धुणं व्यर्थ ठरत नाही. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्रानं २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, १२ पैकी ९ औषधांचे अंश नळाखाली साध्या धुण्यानं कमी झाले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. खायच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन औषधं निघून गेली. सालीत शिरलेलं मात्र तिथंच राहिलं. द्राक्षांसाठी सोपी रीत अशी: घड न धुता कात्रीनं मणी देठासकट सोडवायचे, चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली हातानं हलके चोळायचे, आणि हे खायच्या वेळीच करायचं. मण्यावरचा पांढरट थर दिसला की अनेक जण दचकतात. तो बहुधा द्राक्षाचं स्वतःचं मेण असतो, ताजेपणाची खूण.

मण्यात शिरलेल्या औषधाचा उतारा बागेतच आहे: शेवटचा फवारा आणि काढणी यांत ठरलेले दिवस सोडणं. निर्यातीच्या बागेत ते पाळले गेले की नाही हे प्रयोगशाळेचा रिपोर्ट सांगतो, आणि त्याशिवाय पेटी हलत नाही. नाशिकच्या हातगाडीवर येणाऱ्या द्राक्षांना तसा रिपोर्ट सक्तीचा नाही. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकासाठी वीस वर्षांपूर्वी उभी राहिलेली तपासणी पिंपळगावच्या मुलांच्या वाट्याला अजून आलेली नाही, आणि ती यायलाच हवी.