तळटीप : राणी नागनिका

* मूळ लेखात तेरच्या सातवाहनकालीन वैभवाच्या ओघात ‘नागनिका’ हे नाव एकदाच येते. ती सातकर्णीची राणी. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात तिच्या काळचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा त्यात चक्क हिशेब मांडला आहे : १,७०० गाई, १० हत्ती आणि पुढेही बरेच काही. भारतीय अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत या आकड्यांना मोठे मोल आहे.

याच लेण्यात राजघराण्याच्या प्रतिमाही होत्या. आज उरली आहेत ती जेमतेम पावले आणि वरची नावे. त्यांत ‘देवी नायनिका’ (म्हणजेच नागनिका) आधी, ‘राजा श्री सातकर्णी’ नंतर!

विधवेने एकांतात दिवस कंठावेत, ही समजूत इथे अर्धीच लागू पडते. शिलालेखातली ही विधवा राणी महिना-महिना उपवास करणारी व्रतस्थ आहे, पण घराण्याचा लौकिक तिने कोरून ठेवला तो भर रहदारीच्या व्यापारी घाटात.

मूळ लेखातले तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथातील तगर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथले कापड भडोच बंदराकडे जाई. राणी स्वतः तेरला आल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही.
— संपादक