म्हैसूरची संशोधन परंपरा : रामानुजन यांच्या वहीपासून कर्करोगाच्या रेणूपर्यंत

म्हैसूर : मतदान करून बाहेर पडणाऱ्या नागरिकाच्या डाव्या तर्जनीवर दिसणारी शाई म्हैसूरमध्ये तयार होते. तिचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत विकसित झाले. १९६२ च्या तिसऱ्या लोकसभा निवडणुकीपासून ती वापरात असून, कर्नाटक सरकारच्या मालकीची ‘म्हैसूर पेंट्स अँड वार्निश’ ही कंपनी तिचा पुरवठा करते. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ते त्वचेवरील क्षारांशी संयोग पावते, प्रकाशात काळपट होते आणि त्वचेचा वरचा थर गळून पडेपर्यंत टिकते. दिल्लीत सापडलेले उत्तर, म्हैसूरमधील उत्पादन आणि देशभरातील वापर अशी ही साखळी सहा दशकांहून अधिक काळ अखंड आहे.

राजवाडा, दसरा, रेशीम आणि चंदन यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, परिसंस्थाशास्त्र आणि कर्करोग जीवशास्त्र या पाचही क्षेत्रांत दखलपात्र संशोधन झाले आहे. एखादा निष्कर्ष शोधनिबंधात प्रसिद्ध होणे आणि तो लोकांच्या उपयोगी पडणे यांत किती अंतर असते, हे या पाच उदाहरणांतून स्पष्ट होते.

विद्यापीठाची पार्श्वभूमी

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये महाराजा चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत झाली. ब्रिटिशशासित प्रदेशाबाहेर उभे राहिलेले हे भारतातील पहिले विद्यापीठ होय. त्यामागील प्रमुख प्रेरणा दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची होती. विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी नाशिक, खानदेश आणि पुणे परिसरात सेवा बजावली. खडकवासला धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे महाराष्ट्राला परिचित आहेत. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते.

विद्यापीठाचा ‘मानसगंगोत्री’ हा पदव्युत्तर परिसर १९६० मध्ये उभा राहिला. हे नाव ज्येष्ठ कन्नड साहित्यिक आणि तत्कालीन कुलगुरू कुवेंपू यांनी दिले. विद्यापीठाबरोबरच केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था, संरक्षण खात्याची खाद्य संशोधन प्रयोगशाळा आणि केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था याच शहरात आहेत.

गणित : विधानांना सिद्धतेची जोड

श्रीनिवास रामानुजन यांनी आपल्या वह्यांत हजारो सूत्रे लिहून ठेवली; मात्र बहुतेकांची सिद्धता दिली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये या वह्यांची छायाप्रत प्रसिद्ध केल्यावर त्या जगभरच्या गणितज्ञांना उपलब्ध झाल्या. प्रत्येक विधान पडताळून त्याची सिद्धता देण्याचे काम पुढे अनेक दशके चालले.

या कामात म्हैसूरचा वाटा मोठा आहे. रामानुजन यांच्या दुसऱ्या वहीचे सोळावे प्रकरण थीटा फलने आणि क्यू-श्रेणी या विषयांवर आहे. त्याच्या सिद्धतांचा प्रबंध १९८५ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्याचे लेखक म्हणून म्हैसूर विद्यापीठाचे सी. अडिगा व एस. भार्गव, अमेरिकेतील ब्रूस बर्न्ट आणि ब्रिटिश गणितज्ञ जी. एन. वॉटसन यांची नावे आहेत. वॉटसन यांचे निधन १९६५ मध्ये झाले होते. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांचा आधार घेतल्यामुळे, मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्यांचे नाव सहलेखक म्हणून छापले गेले.

क्यू-श्रेणींचा विषय एका साध्या प्रश्नाशी निगडित आहे. एखादी संख्या किती प्रकारे बेरजेच्या रूपात मांडता येते? ४ ही संख्या पाच प्रकारे मांडता येते : ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. १० साठी असे ४२ प्रकार आहेत, तर १०० साठी ते १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२ इतके होतात. हे प्रकार एकेक करून मोजणे अशक्य असल्याने त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या श्रेणी लागतात. के. वेंकटाचल अय्यंगार यांनी याच परंपरेत रामानुजन यांच्या दृष्टिकोनातून विवृत्तीय फलनांची मांडणी केली. ती १९८८ मध्ये तांत्रिक अहवालाच्या रूपात निघाली आणि २०१२ मध्ये ग्रंथरूपाने पुन्हा प्रसिद्ध झाली.

भौतिकशास्त्र : घन आणि द्रव यांच्या मध्ये

काही पदार्थ द्रवाप्रमाणे वाहतात, पण त्यांतील रेणू स्फटिकाप्रमाणे विशिष्ट दिशेने मांडलेले असतात. त्यांना द्रवस्फटिक म्हणतात. घड्याळे, गणनयंत्रे आणि दूरचित्रवाणी संचांचे सपाट पडदे याच गुणधर्मावर चालतात. भारतात या विषयाचा पाया घालणारे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी प्रथम क्रमांकाने मिळवली होती. सर सी. व्ही. रामन यांचे ते भाचे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत आणि नंतर केंब्रिजमध्ये काम केल्यावर १९६१ मध्ये ते म्हैसूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

चंद्रशेखर यांनी द्रवस्फटिकांवरील कामाला म्हैसूरमध्येच सुरुवात केली. ध्रुवित प्रकाशातील ज्या कला-फरकाला आज ‘पंचरत्नम कला’ म्हटले जाते, त्याचे संशोधक आणि चंद्रशेखर यांचे बंधू एस. पंचरत्नम हेही याच काळात या विभागात अध्यापन करीत होते. १९७१ मध्ये चंद्रशेखर आपल्या गटासह रामन संशोधन संस्थेत परतले. १९७७ मध्ये त्यांनी बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह एक नवा शोध जाहीर केला. द्रवस्फटिक काडीसारख्या रेणूंपासूनच बनतात, अशी तोवर समजूत होती. तबकडीसारख्या चपट्या रेणूंपासूनही ते बनतात, हे या तिघांनी दाखवून दिले. अशा रेणूंचे पातळ थर पुढे सपाट पडद्यांवर वापरले गेले आणि पडदा बाजूने पाहिला तरी चित्र स्पष्ट दिसू लागले. म्हैसूरमध्ये सुरू झालेल्या कामातून हा शोध लागण्यास दीड दशक गेले आणि तो ग्राहकांच्या घरात पोहोचण्यास आणखी वर्षे लागली.

रसायनशास्त्र : म्हशीच्या दुधाचा प्रश्न

केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये चेलुवांबा राजवाड्यात सुरू झाली. तिच्यापुढील आरंभीच्या प्रश्नांपैकी एक प्रश्न बालआहाराचा होता. त्या वेळी दुधाची भुकटी आणि बालआहार मोठ्या प्रमाणावर परदेशातून येत असे. भारतात म्हशीचे दूध मुबलक होते. परंतु त्यात स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन अधिक असल्याने तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचा घट्ट साका होतो. त्यामुळे त्यापासून बालआहार बनवता येणार नाही, असे मत प्रचलित होते.

संस्थेतील रसायनतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात हा घट्टपणा कमी करणारी आणि भुकटीचे पोषणमूल्य राखणारी प्रक्रिया विकसित केली. आणंदच्या अमूल सहकारी संघाने ती उत्पादनात आणली. दुग्धोत्पादकांना नवी बाजारपेठ मिळाली आणि आयातीवरचे अवलंबित्व घटले. कालांतराने या यशाची दुसरी बाजूही पुढे आली. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, ही आज जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात १९९२ च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवर बंदी घालण्यात आली. तंत्र निर्दोष असले, तरी त्याचा वापर कोठे व किती करावा, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

परिसंस्थाशास्त्र : हत्ती कोठे आहेत, एवढीच माहिती

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन’ या संस्थेचे मुख्यालय म्हैसूरमध्ये आहे. हिमालयातील हिमबिबट्यापासून लक्षद्वीपच्या प्रवाळांपर्यंत तिचे अभ्यास चालतात. तिच्या कामातील एक प्रसिद्ध उदाहरण तमिळनाडूतील वालपराई पठाराचे आहे. सुमारे २२० चौरस किलोमीटरच्या या पठारावर चहा-कॉफीचे मळे आणि मजुरांच्या वसाहती आहेत, तर चहूबाजूंनी अनामलाईचे जंगल आहे. एका जंगलातून दुसऱ्या जंगलाकडे जाणारे हत्ती मळ्यांतूनच ये-जा करतात.

संशोधक एम. आनंदकुमार आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षे हत्तींच्या हालचाली आणि अपघातांच्या नोंदी ठेवल्या. बहुसंख्य मृत्यूंच्या वेळी माणसाला हत्ती जवळ असल्याची कल्पनाच नव्हती, असे या नोंदींतून दिसले. संध्याकाळी बसमधून उतरून अंधारातून घरी निघालेले मजूर अचानक हत्तीसमोर येत. त्यामुळे कुंपणाऐवजी माहिती पुरवण्याचा उपाय निवडण्यात आला. स्थानिक केबल वाहिनीवरील सूचना, मोबाईलवरील संदेश आणि मोबाईलवरूनच चालू-बंद करता येणारे लाल दिवे यांद्वारे हत्तींचा ठावठिकाणा रहिवाशांना कळू लागला. या कामासाठी आनंदकुमार यांना २०१५ मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा राहिलेला नाही. कर्नाटकातून आलेले हत्ती २००२ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात वावरत आहेत, तर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेला कळप गडचिरोलीत दाखल झाला. वालपराईचा उपाय जसाच्या तसा येथे लागू होईलच असे नाही. दोडामार्गात काजू-नारळाच्या बागा आहेत, गडचिरोलीत भातशेती आहे. मात्र आधी नोंदी ठेवायच्या, मृत्यू कसे होतात हे तपासायचे आणि मग उपाय निवडायचा, ही पद्धत सर्वत्र उपयोगी आहे.

कर्करोग जीवशास्त्र : रेणू आणि औषध यांतील अंतर

संशोधनाच्या बातम्यांपैकी सर्वाधिक आशेने वाचली जाते ती कर्करोगाविषयीची बातमी. म्हैसूर विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील प्रा. के. एस. रंगप्पा, प्रा. बसप्पा आणि सहकाऱ्यांनी नवे लघुरेणू तयार करून त्यांचा कर्करोगाच्या पेशींवरील परिणाम तपासण्याचे काम केले आहे. यातील एक अभ्यास सिंगापूर आणि चीनमधील संशोधकांच्या सहकार्याने झाला. तो २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा अभ्यास ‘बॅड’ नावाच्या प्रथिनाविषयी होता. हे प्रथिन सदोष पेशीला स्वतःचा अंत घडवून आणण्यास प्रवृत्त करते. परंतु त्याच्या ठरावीक जागी फॉस्फेटचा गट जोडला गेला, की ते निष्क्रिय होते. कर्करोगाच्या पेशींना नेमका याचाच लाभ होतो. अभ्यासात तयार झालेला ‘एनपीबी’ हा रेणू फॉस्फेट जोडण्याची ही क्रिया रोखतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये त्यामुळे पेशींचा अंत घडून आला आणि उंदरांमध्ये रोपण केलेल्या स्तनाच्या गाठींची वाढ मंदावली.

निष्कर्षाची व्याप्ती येथपर्यंतच आहे. तबकडीतील पेशी आणि उंदीर यांवर यशस्वी ठरलेला रेणू म्हणजे रुग्णाला देता येणारे औषध नव्हे. त्यापुढे विषारीपणाच्या चाचण्या होतात. त्यानंतर माणसांवरील पहिल्या टप्प्यात सुरक्षितता आणि मात्रा, दुसऱ्या टप्प्यात परिणामकारकता आणि तिसऱ्या टप्प्यात प्रचलित उपचारांशी तुलना तपासली जाते. भारतात अशा औषधाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता लागते. या वाटेवर बहुसंख्य रेणू मागे पडतात.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. ‘कर्करोगावर औषध सापडले’ अशा मथळ्यामुळे सुरू असलेला उपचार थांबवल्यास त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर झाला? माणसांवर झाला असल्यास कितव्या टप्प्यात आणि किती रुग्णांवर? तुलना कोणत्या उपचाराशी केली? देशात माणसांवर होणाऱ्या औषध चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे करणे २००९ पासून बंधनकारक असून, ही नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते.

सातत्याचा प्रश्न

या पाचही उदाहरणांत महागड्या उपकरणांपेक्षा कालावधी अधिक ठळकपणे दिसतो. रामानुजन यांच्या विधानांची सिद्धता त्यांच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनीही पूर्ण होत होती. द्रवस्फटिकांचे काम एका विद्यापीठात रुजले आणि दुसऱ्या संस्थेत फळाला आले. हत्तींचा ठावठिकाणा सांगणाऱ्या दिव्यांआधी अनेक वर्षांच्या नोंदी होत्या.

देशातील बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठे आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. अशा ठिकाणी प्राध्यापक निवृत्त झाल्यावर ती जागा रिक्त राहिली, तर त्यांच्यासोबत एक अभ्यासविषयही थांबतो. पुढच्या विद्यार्थ्याला तो पहिल्यापासून उभा करावा लागतो. अडिगा आणि भार्गव यांना वॉटसन यांची टिपणे उपलब्ध होती, कारण ती कोणीतरी जपून ठेवली होती. मानसगंगोत्रीत आज संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याची नोंदवही वीस वर्षांनी कोणाच्या हाती पडेल, हे त्या विभागांत शिकवणारी माणसे टिकून राहतात की नाही यावर अवलंबून आहे.