आडनावाची साक्ष

आडनाव एक म्हणजे कूळ एक, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. परमुलखात समान आडनावाचे दोन गृहस्थ भेटले की लगेच "आपण मूळचे कुठले?" हा प्रश्न निघतो, आणि उत्तर जुळो वा न जुळो, मनात भाऊपणाचे नाते जोडले जाते. पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत असलेल्या आपल्यासारख्या मंडळींत ही ओढ अधिकच तीव्र असणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीवर आडनावाची साक्ष कितपत टिकते, याचा विचार आम्हांस एका प्रसंगाने करावा लागला. तो शिक्षकबंधूंना उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

आमच्या बडोद्यातील शाळेचे जुने दाखलपुस्तक चाळताना वडगावकर आडनावाची तीन घरे आमच्या दृष्टीस पडली. त्यांपैकी एका घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांनी आपल्या कुलाचा वृत्तांत सिद्ध करण्याचे मनावर घेतले होते. घरात मोडी कागदांचे एक दप्तर होते. पूर्वज गायकवाडांच्या फौजेत शिलेदार म्हणून आल्याची माहिती होती. तिन्ही घरे एकाच वंशावळीत बसवून द्यावीत, अशी विनंती घेऊन ते आमच्याकडे आले. काम सोपे वाटले म्हणून आम्हीही ते आनंदाने पत्करले.

पहिली अडचण आडनावानेच उभी केली. 'कर' प्रत्ययाची आडनावे गावावरून येतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती माणसाला चिकटतात ती बहुधा गाव सोडल्यावर, याकडे आपले लक्ष जात नाही. ज्या गावात सगळेच वडगावचे, तेथे कोणा एकाला वडगावकर म्हणण्याचे प्रयोजनच नसते. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर, हे नाव पुढे माळव्यात दुमदुमले. तात्पर्य, असे आडनाव कुलाची खूण नसून प्रस्थानाची खूण आहे. एकाच गावातून भिन्न जातींची, भिन्न कुळांची माणसे बाहेर पडली, तर ती सगळीच एका नावाची होतील.

त्यातून वडगावे तरी किती! जेथे १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांना मराठ्यांशी तह करावा लागला ते मावळातील वडगाव, कोल्हापूरकडील पेठ वडगाव, बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर, बेळगावचे वडगाव. ही यादी आणखी कितीतरी लांबविता येईल. अधिकारवाचक आडनावांची गत याहून निराळी नाही. कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस ही मुळात कामांची नावे आहेत. जोशी तर देशस्थांत आहेत, कोकणस्थांत आहेत आणि कऱ्हाड्यांतही आहेत.

याच्या उलट, कूळ एक असून आडनाव पालटल्याचीही उदाहरणे आहेत. गोव्यातील मंगेशी येथील गणेशभट अभिषेकी हे देवळातील अभिषेकाच्या कामावरून त्या नावाने ओळखले जात. त्यांचे पुत्र दीनानाथ (१९००–१९४२) मात्र मंगेशकर म्हणून अखिल महाराष्ट्रात गाजले. बाप अभिषेकी, लेक मंगेशकर! केवळ आडनावावर भिस्त ठेवणारा संशोधक अशा ठिकाणी पित्यापुत्रांचीच ताटातूट करील.

मग आडनाव निरुपयोगीच समजावे काय? तसेही नाही. आमच्या बडोद्याचाच इतिहास पाहावा. मल्हारराव पदच्युत झाल्यावर १८७५ साली जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेण्यासाठी गायकवाड वंशातील मुलांचा शोध सुरू केला. तो शोध नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात शेती करून राहणाऱ्या काशीराव गायकवाडांच्या घरापर्यंत पोचला. त्यांचा मुलगा गोपाळराव पुढे सयाजीराव महाराज झाला आणि १९३९ पर्यंत त्याने राज्य केले. शोधाची दिशा आडनावाने दाखविली खरी. पण गायकवाड आडनावाची घरे महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आणि केवळ नावावर गादी मिळती तर दावेदारांची रीघ लागली असती. निर्णय केला तो वंशाच्या पुराव्याने. आडनाव हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अन्यत्र शोधावे लागते.

ते कोठे शोधावे? कुलदैवत, गोत्र किंवा देवक, मूळ गावचे वतनाचे कागद, पितृपक्षात उच्चारली जाणारी पूर्वजांची नावे आणि नाशिक, त्र्यंबक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, या आमच्या मते मुख्य साक्षी होत. यांतील दोन-तीन स्वतंत्रपणे एका दिशेने बोलू लागल्या, तरच एक कूळ म्हणावे.

या कसोट्या लावताच आमच्या तीन वडगावकरांची वंशावळ मोडून पडली. पहिल्या घराचे दैवत जेजुरीचा खंडोबा, तर दुसऱ्याचे जोतिबा, देवकेही भिन्न. दुसरे घर पेठ वडगावचे निघाले. तिसऱ्या घरी कागदाचा कपटाही नव्हता. दाखलपुस्तकात पालकाच्या व्यवसायापुढे 'पागेतील चाकरी' एवढेच लिहिलेले. पण त्या घरच्या आजीबाईंना चंपाषष्ठीची तळी ठाऊक होती, जेजुरीची वारी ठाऊक होती आणि पितृपक्षातील पाच पिढ्यांची नावे मुखोद्गत होती.

पुढे पहिल्या घराचे दप्तर लावताना पागेकडील माणसांच्या शिध्याची एक याद हाती आली. तीत 'मौजे वडगाव' या मथळ्याखाली मोतद्दारांची नुसती नावे होती. बापाचे नाव नाही, आडनाव नाही. आजीबाईंनी सांगितलेले सर्वांत जुने नाव त्यांत होते. एका नावाच्या साम्यावरून सिद्धांत बांधणे धाडसाचे होईल, आणि आम्ही तो बांधीत नाही. परंतु दोन्ही घरांचे पूर्वज एकाच गावातून एकाच वाटेने आले असावेत, असा तर्क करण्यास येथे आधार आहे.

आमचे स्नेही प्रथम खट्टू झाले. "चाकरमाणसांची नावे आमच्या वंशावळीत कशी येतील?" असे त्यांनी विचारले. वंशावळीत ती येणार नाहीत, हे आम्हीही मान्य केले. पण वृत्तांतात ती आलीच पाहिजेत, असा आग्रह धरला. घोड्यावर बसून आलेल्याचा इतिहास लिहावयाचा आणि त्या घोड्याला दाणावैरण घालीत पायी आलेल्याचा गाळावयाचा, याला न्याय म्हणता येणार नाही. त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला आणि यादीची नक्कल करण्यास अनुमती दिली. ती नक्कल आजीबाईंना नेऊन देताना ते स्वतः आमच्याबरोबर आले. वंशावळीची तीन घरे एक झाली नाहीत. पण दोन घरांत येणेजाणे सुरू झाले.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेवढे सामर्थ्य आपणांपाशी नसेल, पण प्रत्येक जुन्या शाळेपाशी दाखलपुस्तक आहे आणि प्रत्येक वर्गात एखाद्या आजीचा नातू आहे. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत आणि दप्तरे रद्दीत जात आहेत. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून मूळ गाव, कुलदैवत आणि आठवतील तितक्या पिढ्यांची नावे एवढे जरी लिहवून घेतले, तरी पुढील संशोधकांची मोठी सोय होईल. त्या टिपणात आजोबांच्या नावाबरोबर आजीचे माहेरही लिहावे, अशी आमची विशेष सूचना आहे. कारण आपल्या बहुतेक वंशावळींतून घराण्याची अर्धी माणसे आजवर गळतच आली आहेत.