न्यायालयाचा मित्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण घरोघरी ऐकतो. त्यामुळे कोर्टात नेमके काय चालते याची आपल्या मुलांना फारशी माहिती नसते. वादी, प्रतिवादी आणि त्यांचे वकील एवढे ठाऊक असतात. परंतु यांपैकी कोणाचाही नसलेला एक माणूस तेथे उभा राहू शकतो. त्यास लॅटिन भाषेत 'अमायकस क्युरी', म्हणजे 'न्यायालयाचा मित्र' म्हणतात. मराठीत 'न्यायमित्र' हा शब्द रूढ झाला आहे.

'वकील' हा मूळ अरबी शब्द. आपले काम ज्याच्यावर सोपवले तो वकील. न्यायमित्राजवळ मात्र कोणाचेच वकीलपत्र नसते. कायद्याची वा वस्तुस्थितीची जी बाजू अंधारात राहील, ती न्यायाधीशांपुढे ठेवणे हे त्याचे काम.

ही प्रथा इंग्लंडमध्ये वाढली. 1686 मध्ये एका खटल्यात एका कायद्याच्या अर्थाविषयी शंका निघाली. तेव्हा सर जॉर्ज ट्रेबी यांनी, तो कायदा होताना आपण पार्लमेंटमध्ये हजर होतो, असे सांगून पार्लमेंटचा हेतू न्यायालयास कळवला. अमेरिकेत पुढे अनेक संस्था आपण होऊन अशी लेखी निवेदने दाखल करू लागल्या. आपल्याकडे बहुधा न्यायालयच एखाद्या जाणत्या वकिलास नेमते. मुंबईच्या अरुणा शानबाग यांच्या दयामरणाच्या प्रश्नावर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्या प्रकरणात टी. आर. अंध्यारुजिना न्यायमित्र होते.

याहून निकडीचा प्रसंग असतो तो आरोपीला वकीलच नसल्याचा. अशा वेळी न्यायमित्र हा त्याचा आधार ठरू शकतो. याबाबतचा महत्त्वाचा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख आपल्या सोलापूरचे होते, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. न्यायमूर्ती उदय उमेश लळीत यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1957 रोजी येथे झाला. हरिभाई देवकरण प्रशालेत ते शिकले आणि 2022 मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. वकिली करीत असताना जंगले व यमुनेचे प्रदूषण यांसारख्या प्रकरणांत ते स्वतः न्यायमित्र होते.

खटला मध्य प्रदेशातील खंडव्याचा. एका बालिकेच्या हत्येचा आरोप एका गरीब तरुणावर होता. 19 फेब्रुवारी 2013 रोजी त्याच्यासाठी न्यायमित्र नेमला गेला आणि त्याच दिवशी आरोपनिश्चितीही झाली. वकिलाने कागद वाचावेत केव्हा, आरोपीशी बोलावे केव्हा? पंधरवड्यात खटला संपून फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानेही ती कायम केली. गुन्हा भयंकर होता, लोकांचा संताप रास्त होता. पण संतापाच्या भरात पुरावा तपासण्याचे राहून जाते.

18 डिसेंबर 2019 रोजी लळीत यांच्या खंडपीठाने ही शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान 10 वर्षे वकिली केलेल्यासच न्यायमित्र नेमावे, त्यास तयारीसाठी साधारणतः किमान 7 दिवस द्यावेत आणि आरोपीस भेटू द्यावे, असे ठरवून दिले. शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयात आल्यास तेथे ज्येष्ठ वकीलच नेमण्याचा विचार व्हावा, असेही सांगितले.

त्या तरुणाची वाट मात्र लांबच होती. 2022 मध्ये त्याला पुन्हा फाशी सुनावली गेली. तीही रद्द होऊन खटला पुन्हा चालला. अखेर मार्च 2024 मध्ये, अकरा वर्षांनंतर, खंडव्याच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.