‘आद्य’ कोण? : लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे एक भाषण

‘पायोनियर’साठी मराठीत आपण ‘आद्य प्रवर्तक’ म्हणतो आणि भूमीच्या मूळ रहिवाशांना ‘आदिवासी’. पहिलेपणाचा मान असा दोघांनाही देऊन टाकला, की एकाच्या येण्याने दुसऱ्याचे काय झाले, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये डेट्रॉइट येथील पुस्तकमेळ्यात लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) यांनी भाषण केले. सीमाप्रदेशाच्या साऱ्या अवस्था आपण एकाच आयुष्यात पाहिल्या, असे त्यांनी सांगितले. लिहिले ते सर्व खरे आहे, परंतु ते संपूर्ण सत्य नव्हे, अशी पुस्तीही जोडली. वगळलेले म्हणजे मुलांना सांगू नये असे क्रौर्य. उदाहरणादाखल त्यांनी कॅन्ससमधील बेंडर कुटुंबाने केलेल्या हत्यांची हकिगत सांगितली आणि त्या मारेकऱ्यांच्या पाठलागात आपले वडीलही होते, असे सूचित केले. पण त्या हत्या उघडकीस आल्या १८७३ मध्ये. इंगल्स कुटुंबाने कॅन्सस सोडले होते १८७१ मध्येच. साक्षीदाराची स्मृतीदेखील कागदपत्रांशी ताडून पाहावी लागते, ती अशी.

खरी उणीव मात्र दुसरीकडे आहे. ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (१९३५) मधले घर ओसेज लोकांच्या राखीव भूमीवर, परवानगीवाचून उभे राहिले होते. सरकारी सैनिक हुसकावून लावणार या वार्तेने कुटुंब निघते, असे कादंबरी सांगते. इतिहास वेगळा आहे. विस्कॉन्सिनमधले त्यांचे शेत घेणाऱ्याला पैसे फेडता आले नाहीत, म्हणून ते परतले. आणि भूमी सोडावी लागली ती ओसेज लोकांना. १८७० च्या कायद्यानंतर ते आजच्या ओक्लाहोमात गेले व जमीन एकरी सव्वा डॉलरने वसाहतकारांना खुली झाली.

कादंबरीच्या आरंभी पश्चिमेकडील प्रदेश निर्मनुष्य ठरवून तिथे केवळ इंडियन राहतात, असे म्हटले होते. एका वाचकाने आक्षेप घेतल्यावर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकार’ हा शब्द आला. शब्द बदलला, निवेदनाची दृष्टी तीच राहिली. २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालसाहित्य विभागाने आपल्या पुरस्कारातून वाइल्डर यांचे नाव काढले.

अधिक सकस उत्तर साहित्यातूनच आले होते. ओजिब्वे वंशाच्या लेखिका लुईझ अर्ड्रिक यांची ‘द बर्चबार्क हाऊस’ (१९९९) ही कादंबरी १८४७ च्या सुमारास सुपिरिअर सरोवरातील बेटावर राहणाऱ्या ओमाकायास या मुलीची आहे. येथेही घर आहे, ऋतू आहेत, घरातली कामे आहेत आणि देवीच्या साथीने उद्ध्वस्त झालेले कुटुंबही आहे. वाइल्डर यांच्या पानांत दुरून जाताना दिसणारी माणसे इथे आपापल्या नावांनी भेटतात.

म्हणून वाइल्डर यांना अभ्यासक्रमाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. ओंडक्यांचे घर कसे रचतात, हिवताप कुटुंबाला कसा आडवा पाडतो, हे त्यांच्याइतके नेमके सांगणारे थोडे. पण संपूर्ण सत्याची उणीव त्याच निवेदकाच्या कबुलीने भरून निघत नाही. त्यासाठी वर्गात दुसरे पुस्तक उघडावे लागते, आणि त्याबरोबर जमिनीचा दप्तरही.