सर्व्हिसिंगनंतर घड्याळ पुढे का पळतं?

ज्यांना कानात इयरफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग.

सुरुवात आमच्या जामनेरच्या घरातून करतो. आजोबांचं चावीचं एचएमटी घड्याळ कपाटात कितीतरी वर्षं पडून होतं. ते हयात असताना रोज सकाळी चावी द्यायचे आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधीची टुक-टुक ऐकून काटे जुळवायचे. मागच्या सुट्टीत मी ते सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं तेव्हा काच लख्ख, टिकटिक खणखणीत. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर ४० सेकंद पुढे! आधी तर दिवसाला जेमतेम १० सेकंद मागे पडायचं. माझा पारा चढला. घड्याळवाल्या काकांनी वाट लावली, असंच वाटलं. भांडायला निघालोच होतो, पण म्हटलं आधी थोडं वाचून बघू.

आणि वाचता वाचता मी पोचलो थेट १७६६ सालच्या इंग्लंडमध्ये.

त्या काळी भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कळायला अचूक घड्याळ लागायचं. घड्याळ ४ मिनिटं चुकलं की रेखांश १ अंशाने चुकला, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर! म्हणून १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने यावर २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या पोराने आयुष्य घालवून 'एच-४' हे घड्याळ बनवलं. १७६१-६२ च्या जमैका सफरीत ते ८१ दिवसांत फक्त ५ सेकंदांनी चुकलं. मात्र एक गोष्ट नीट ऐका. ते रोज सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडतं, हे आधीच हिशोबात धरलं होतं. म्हणजे घड्याळ चुकत होतं, पण रोज सारखंच चुकत होतं. दर्यावर्दी माणसाला तेवढं पुरतं, कारण ठरावीक चूक वजा करता येते.

पुढे १७६५ मध्ये हॅरिसनला ते घड्याळ तज्ज्ञांसमोर पूर्ण खोलून दाखवावं लागलं. नंतर ते ग्रीनिचच्या वेधशाळेत गेलं आणि मॅस्केलिन या खगोलशास्त्रज्ञाने जवळपास १० महिने त्याची चाचणी घेतली. तिथे ते रोज भरपूर पुढे पळायला लागलं. मॅस्केलिनने शेरा दिला की याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. हॅरिसन चिडला. घड्याळ उघडल्यानंतर त्याचा वेग परत जुळवलेलाच नव्हता, हे त्याचं म्हणणं होतं. शेवटी उरलेले पैसे मिळायला १७७३ उजाडलं. तोवर तो ८० वर्षांचा झाला होता.

आता आपल्या एचएमटीकडे येऊ. एचएमटी ही सरकारी कंपनी, १९५३ ची, मुळात कारखान्यांची यंत्रं बनवणारी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिने बंगळुरूला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. मग काय, लग्नात जावयाला एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी.

जनतासारख्या चावीच्या मॉडेलमध्ये आत एक छोटं चाक असतं, बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर ते उलटसुलट झुलतं आणि सेकंदाला ५ ठोके देतं. म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. माझं घड्याळ ४० सेकंद पुढे गेलं म्हणजे त्यात फक्त २०० ठोके जास्त पडले. टक्केवारीत चूक ०.०५ सुद्धा नाही!

पण हे २०० ठोके वाढले कुठून? वर्षानुवर्षांत आतलं तेल सुकतं, त्यात धूळ बसते. चाकाचा झोका लहान होतो आणि घड्याळ साधारणपणे मागे पडायला लागतं. मग कोणीतरी झाकण उघडून आतला फास्ट-स्लोचा बारीक काटा थोडा फास्टकडे सरकवतो. त्याने स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि वेग वाढतो. वेळ जुळते, घाण मात्र तशीच राहते. सर्व्हिसिंगमध्ये घाण निघाली, ताजं तेल पडलं, झोका परत मोठा झाला, पण काटा राहिला जुन्याच जागी. मग घड्याळ पळणारच ना!

आमच्या कोडमध्येही असंच होतं. एका बगवर दुसरा जुगाड बसवून आउटपुट बरोबर येत असतो. खरा बग काढला की जुगाड उघडा पडतो, आणि बोलणी बग काढणाऱ्याला बसतात.

म्हणून मी भांडायला गेलो नाही. १० दिवस रोज ठरल्या वेळी चावी दिली, रात्री घड्याळ काच वर करून ठेवलं आणि फोनच्या वेळेशी ताडून वहीत आकडे लिहिले. रोज ३८ ते ४२ सेकंद पुढे. अगदी सारखं! वही घेऊन काकांकडे गेलो. ते हसले, झाकण उघडून काटा केसभर मागे सरकवला आणि पैसे घेतले नाहीत. आता ते दिवसाला ६ सेकंद पुढे जातं.

सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता नवे सुटे भाग येणार नाहीत. रागाच्या भरात चार दुकानांत तेच घड्याळ परत परत उघडायला लावलं, तर आपल्याच आजोबांची आठवण खराब होईल. हॅरिसनकडे बाजू मांडायला स्वतःचं तोंड तरी होतं. सर्व्हिसिंग करणाऱ्या काकांसाठी आपणच १० दिवस थांबायचं असतं.

तुमच्या घरात चावीचं घड्याळ असेल तर आजच शोधा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!