गोणीचं गोत्र

भुसार पेठेत मापाडी म्हणून हयात घालवलेल्या आमच्या आजोबांसमोर पोत्याला गोणी म्हणायची सोय नव्हती. "पोतं माणसाच्या पाठीवर, गोणी बैलाच्या!" असं ते ठणकावत. त्यांच्या आजोबांनी म्हणे लमाणांचे तांडे घाट चढताना पाहिले होते. कोकणातलं मीठ वर यायचं, देशावरचं धान्य खाली जायचं. बैलाच्या दोन्ही कुशींवर लोंबणारी जोडथैली, ती गोणी. एक बाजू जड झाली की बैलाची पाठ सोलवटायची, म्हणून लादण्याआधी दोन्ही बाजू हातांनी उचलून जोखत. १८०३च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची भिस्तही अशाच तांड्यांवर होती. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली नि बैल मागे पडले; गोणी मात्र मालडब्यात चढली.

एरवी कापडावरून वस्तूला नाव पडतं. इथं उलटं झालं. आधी गोणी, मग तिच्यासाठी विणलेलं जाडंभरडं गोणपाट. आपल्याकडे त्याला ताग नाहीतर अंबाडीचा वाख लागे. आजीच्या माहेरी अंबाडीचा पाला भाजीत जायचा नि काड्या ओढ्याच्या डोहात कुजत पडायच्या. साल सुटू लागली की बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून वाख सोलत. "तो वास चार अंघोळींनी जात नसे," असं सांगताना तिचं नाक अजून मुरडायचं.

इंग्रज व्यापाऱ्यांनी गोणीचं 'गनी' केलं आणि ते नाव कापडालाही लावलं. मग त्या कापडाच्या थैलीला म्हणू लागले 'गनी बॅग', म्हणजे सरळसरळ गोणीपिशवी! १८५५ साली हुगळीकाठी रिश्र्याला ज्यूटची गिरणी निघाली. पुढं बंगालच्या ज्यूटनं बाजार व्यापला नि आपली अंबाडी दोरखंडापुरती उरली.

आता बाजार समितीतल्या बारदानात प्लास्टिकही शिरलंय. युरियाची गोणी २०१८पासून ४५ किलोची झाली. तिच्यात वाखाचा धागाही नसतो. तरी कुणी तिला दुसरं नाव दिलेलं नाही, आणि द्यायचं कारणही नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'गोणी' हा शब्द आहे, तो माल भरायच्या साधनाच्या अर्थानं. ती कशाची विणलेली असावी, याची अट सूत्रात नाही.